गारा वितळल्यावर

गारा थांबल्याबरोबर आमच्या गल्लीतलं प्रत्येक घर आधी गच्चीवर धावलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली जुनी घरं दगडी पटियांची आहेत. तुळयांवर वालुकाश्माच्या लांब फरश्या आणि त्यांच्यावर चुन्याचा कोबा. अशा छताला गारांच्या माराचं काही वाटत नाही, त्याचं वैर साचलेल्या पाण्याशी. पन्हाळीच्या तोंडाशी गारांचा बांध झाला की वितळलेलं सगळं पाणी वरच तुंबतं आणि सांध्यांतून सावकाश खाली उतरतं. म्हणून अंधार पडायच्या आत खराटा, सूप, घमेलं, हाताला लागेल ते घेऊन लोक गारा ओढत होते. सासूबाई जिन्याखालून पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "पन्हाळ मोकळी झाली का गं?" या घरात लग्न होऊन आल्यापासून त्यांना पावसाळ्यापेक्षा माघातल्या गारांचीच धास्ती जास्त. पावसाळ्याआधी कोब्याची डागडुजी होते. माघात कोणाच्या ध्यानीमनी नसतं.

ही रथसप्तमीच्या जरा आधीची गोष्ट. गारा पडल्या असतील जेमतेम पाव तास. आमच्याकडे थंडीतला पाऊस पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेला कमी दाबाचा पट्टा इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान उत्तर हिंदुस्थानावर येतो. हिमालयात त्याचा बर्फ होतो, मैदानात पाऊस. अरबी समुद्रावरचा दमट वारा त्याला येऊन मिळाला आणि वरची हवा चांगलीच थंड असली, की ढग उंच चढतात. थंडीच्या दिवसांत पाणी गोठण्याची पातळी मुळातच खाली असते, त्यामुळे गारेला वाटेत वितळायला फारशी उसंत मिळत नाही. माझ्या पुतण्यानं एक मोठी गार सुरीनं मधोमध कापली आणि बॅटरीच्या उजेडात धरली. आत पांढरा ठिपका, त्याभोवती काचेसारखं कडं, मग पुन्हा पांढरं. झटकन गोठलेल्या पाण्यात हवा कोंडली जाते, म्हणून तो थर पांढरा. सावकाश गोठलेला थर पारदर्शक. ढगात ती गार कुठल्या कुठल्या हवेतून फिरून आली, ते त्या चकतीवर उमटलं होतं. त्याच्या हातात ती विरघळेपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.

उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत ३० एप्रिल १८८८ रोजी गारांनी २४६ माणसांचा बळी घेतला. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीनं एवढी माणसं दुसऱ्या कुठल्याच दिवशी गेलेली नाहीत. आमच्या मोहल्ल्यात माणूस कोणी गेलं नाही. दोन-चार जणांना लागलं, बाजारात उभ्या गाड्यांच्या काचा फुटल्या, गच्च्यांवरच्या सोलरच्या नळ्यांचा चुरा झाला. एवढ्यानं ती बातमी संपली. वर्तमानपत्र पुढच्या विषयाकडे वळलं आणि ते साहजिकच आहे. मला लिहायचं आहे ते बातमी संपल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

त्या रात्री लाईट नव्हती. गल्लीच्या तोंडावरचा कडुलिंब तारांवर आडवा झाला होता. असा पाऊस पुढे सरकला की आभाळ निवळतं, उत्तरेचा वारा सुटतो आणि ओली जमीन पहाटे धुकं धरते. ग्वाल्हेरात थंडीतलं तापमान तीन-चार अंशांवर उतरणं नवलाचं नाही. त्यात भिंती भिजलेल्या, रजया दमट. तिघरा धरणाचं पाणी सकाळी नळाला आलं, पण ते वरच्या टाकीत चढवायला मोटर चालेना. मग पुन्हा बादल्या, पुन्हा जिना. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्यांच्या दारात मोबाईल चार्ज करायला रांग लागली आणि दुपारपर्यंत तोही बसला. दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या धुक्यानं तासन्‌तास उशिरा धावत होत्या, त्यामुळे समोरच्या काकूंचा मुलगा, आईच्या काळजीनं निघालेला, मध्येच कुठेतरी अडकून पडला होता. काकू एकट्या. त्यांचं जेवण त्या दिवसांत आमच्याकडे झालं. दुपारी त्या पोळ्या लाटायला येत आणि लाटता लाटता सारखं दाराकडे बघत.

लाईटचं काम करायला जो मुलगा आला तो कंत्राटावरचा होता, पंचविशीचाही नसेल. कमरेला चामडी पट्टा, खांद्यावर दोर, खिशात पक्कड. आधी त्यानं खाली उभं राहून फोनवर तीनदा विचारून घेतलं की मागून प्रवाह बंद केला आहे ना. मगच खांबावर चढला. ओल्या लोखंडी खांबाला हात लागला की बोटं बधिर व्हायची. थोडं काम करायचा, हात काखेत धरून ऊब घ्यायचा, पुन्हा पक्कड धरायचा. फांद्या तोडून तारा मोकळ्या केल्या, तुटलेला तुकडा जोडला, जळालेला जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा छोटा तुकडा, बदलला. खाली उतरल्यावर त्यानं चहाआधी गरम पाणी मागितलं. सासूबाईंनी पातेलंभर पाणी दिलं, त्यात त्यानं मनगटापर्यंत हात बुडवले आणि डोळे मिटून उभा राहिला. नखांच्या कडा काळ्यानिळ्या झाल्या होत्या.

मग त्यानं एक गोष्ट सांगितली, जी मला तोपर्यंत माहीत नव्हती. इतका वेळ बंद राहिलेली लाईट एकदम सुरू केली की सगळ्या घरांतले गीझर, हीटर, मोटरी एकाच क्षणी प्रवाह ओढतात आणि जोडलेला फ्यूज पुन्हा उडतो. मग पुन्हा खांब, पुन्हा तास-दोन तास. तेव्हा गल्लीतली पोरं घरोघर ओरडत गेली, "गीझर बंद करा, हीटर बंद करा, एकच दिवा ठेवा." हिंदीत, मराठीत, जशी ज्याच्या तोंडी येईल तशी. आणि लोकांनी ऐकलं. कुडकुडत बसलेल्या, आंघोळीला आसुसलेल्या लोकांनी बटणं बंद करून वाट बघितली. पहिल्या फटक्यात लाईट टिकली. आमच्या गल्लीत पार्किंगवरून, पाण्यावरून, नालीवरून भांडणं रोजची आहेत. ती अर्धी संध्याकाळ मात्र मी विसरणार नाही.

रथसप्तमी तोंडावर असल्यानं हळदीकुंकवं राहिलेली होती. या वर्षी राहू द्यावं असं बऱ्याच जणींचं मत पडलं. आमच्या सासूबाईंनीच ठाम सांगितलं, की बायका एकमेकींच्या घरी जाणार नाहीत तर कळणार कसं कोणाकडे काय झालंय. त्यांचं म्हणणं खरं होतं. त्या दिवशी ज्या ज्या घरी गेलो तिथे अत्तरगुलाबाआधी छताकडे बघणं झालं. कोणाच्या देवघरावर ओल उतरली होती, कोणाचं वर्षाचं गव्हाचं पिंप भिजलं होतं. तिळगूळही नरमला होता. दमट हवेत गजक, म्हणजे तिळगुळाची खुसखुशीत वडी, तीही टिकत नाही, आणि मुरैन्याच्या गजकेवर आमच्याकडच्या कितीतरी फेरीवाल्यांचा हिवाळा चालतो. एका दारी बोलता बोलता कळलं, की मागच्या वस्तीत सिमेंटच्या पत्र्यांची जी खोपटी आहेत तिथे निम्मे पत्रे फुटलेत आणि एक बाळंतीण पलंगाखाली गोधडी अंथरून निजते आहे. तिथल्या तिथे लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी झाली. कोणाकडे पत्रे हवेत, कोणाकडे ताडपत्री, कोणाकडे नुसतं कोरडं पांघरूण.

लोहिया बाजारात ताडपत्रीचा भाव तोवर चढला होता. पत्रे बसवणारे मिस्त्री मिळेनात. सगळ्या गावालाच एकदम गरज पडली, तर मिळणार कुठून? ज्यांच्याकडे रोख होती त्यांचे पत्रे दोन दिवसांत बसले. ज्यांचं हातावर पोट, त्यांची छपरं होळीपर्यंत ताडपत्रीखाली होती. आणि हेच लोक दिवसभर दुसऱ्यांची छपरं नीट करायला जात होते, कारण तेवढीच मजुरी. बाळंतिणीचा नवरा त्यातलाच. त्याच्या खोपटावर आम्ही दिलेली ताडपत्री त्यानं रात्री घरी येऊन, मोबाईलच्या उजेडात ताणली.

पोपटांबद्दल लिहायचं टाळत होते. कडुलिंबावर त्यांचा थवा रात्रीला उतरायचा. सकाळी झाडाखाली हिरवीगार पिसं आणि बरेच पोपट मेलेले. शाळा बंद असल्यानं मुलं तिथेच होती. त्यांनी खड्डा खणला. मी थांबवलं नाही, मोठं माणूस म्हणून काही बोलायलाही गेले नाही.

आता दूधवाल्याबद्दल. मला खरं तर याच्याचबद्दल लिहायचं होतं.

आमच्याकडे दूध घालणारे भैया बेहटच्या वाटेवरच्या एका खेड्यातून येतात. तानसेनाचं जन्मगाव म्हणून बेहट लोकांना ठाऊक आहे. गारपिटीनंतर ते आले नाहीत, आणि आले तेव्हा किटलीत निम्मंच दूध. म्हशींच्या चाऱ्याची बरसीम जमिनीला चिकटली होती, गारठ्यानं जनावरं आखडली होती. ओट्यावर बसले आणि एवढंच म्हणाले, "भाभीजी, सरसों तो गई."

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीनं हाहाकार केला, तेव्हा लातूरकडच्या माझ्या मावसबहिणीशी मी रोज फोनवर बोलत होते. तेव्हा मध्य प्रदेशातही तोच कहर चालला होता. पण फोनवर ऐकणं वेगळं. भैयांच्या मागोमाग रविवारी आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो.

ग्वाल्हेर, मुरैना, भिंड हा मोहरीचा मुलूख. ऑक्टोबरात पेरतात, पौषात शेतंच्या शेतं पिवळी होतात, आणि माघात फुलं गळून शेंगा भरायला लागतात. नेमक्या त्या वेळी गार पडली की काही उरत नाही, कारण झाडानं आपली सगळी ताकद शेंगेत घातलेली असते आणि नव्यानं फुटायला हंगाम शिल्लक नसतो. भैयांनी एक झाड उचलून दाखवलं. दांडा मधोमध मोडलेला, वरचा भाग सालीच्या एका धाग्यावर लोंबकळत होता. शेंगा उसवलेल्या. त्यातले दाणे अजून हिरवे, मऊ, नखानं दाबले तर पाणी सुटणारे. त्यात तेल भरायला अजून तीन-चार आठवडे हवे होते. जी झाडं उभी राहिली होती त्यांच्यावर ढगाळ दमट हवेत माहू, म्हणजे मावा, चढला होता. शेंड्याला बोट लावलं तर चिकट.

आणि बांधापलीकडे, दोन शेतं सोडून, काहीही झालं नव्हतं. गारपिटीचा पट्टा असाच अरुंद असतो. ढग ज्या वाटेनं गेला तेवढीच पट्टी झोडपली जाते. पट्टीबाहेर पडला तो नुसता पाऊस, आणि माघातला तसा पाऊस म्हणजे गव्हाला मिळालेलं फुकटचं पाणी. त्या शेतातला गहू तरारला होता. तिथला शेतकरी बांधावर आला, भैयांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. आपल्या गव्हाकडे त्यानं आमच्यादेखत एकदाही बघितलं नाही. एकाच ढगानं एकाला उभं केलं आणि एकाला आडवं केलं, आणि दोघांनाही उद्या एकाच चव्हाट्यावर बसायचं आहे. हे ओझं त्या चांगल्या पिकाच्या माणसालाही असतं, हे मला तिथे दिसलं.

नुकसानीची पाहणी झाली. पटवारी, म्हणजे आपला तलाठी, आला, बरोबर कृषी खात्याचा माणूस, पंचायतीचा माणूस. मध्य प्रदेशात अशा वेळी मदत मिळते ती राजस्व पुस्तक परिपत्र, इंग्रजीत रेव्हेन्यू बुक सर्क्युलर, या महसुली नियमावलीतल्या सहा-चारच्या आधारे. खेड्यातली म्हातारी माणसंसुद्धा "आरबीसी छह-चार" असं सहज म्हणतात, इतकं ते जगण्यातलं झालंय. किती टक्के पीक गेलं, जमीन बागायत की कोरडवाहू, त्यावर रक्कम ठरते. शिवाय २०१६ पासूनचा पीक विमा आहे. रब्बीला शेतकऱ्यानं दीड टक्का हप्ता भरायचा, आणि गारपिटीसारखं स्थानिक नुकसान झालं तर ७२ तासांत कळवायचं. गावात लाईट नाही, मोबाईल बंद, रस्त्यावर झाडं. ७२ तासांतले पहिले कितीतरी तास तिथे नुसते म्हशी वाचवण्यात गेले होते.

पण भैयांना त्या घाईचंही कारण नव्हतं. ती जमीन त्यांची नाही. ते बटाईनं करतात. बी त्यांचं, राबणं त्यांचं, खतपाण्याचा खर्च निम्मा आणि पीक निम्मं. पटवाऱ्याच्या वहीत नाव मालकाचं. विमा काढायचा तर त्याच नावावर, मदतीचा पैसा यायचा तर त्याच खात्यात. पटवारी माणूस चांगला होता, त्यानं पाहणी नीट केली, पीक किती गेलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. कागदावर तोटा पुरा मांडला गेला. फक्त ज्याचा झाला त्याचं नाव त्यात नव्हतं.

यावर कायदा नाही असं नाही. मध्य प्रदेशानं २०१६ मध्ये जमीनमालक आणि बटाईदार यांच्या हितरक्षणाचा कायदा केला. दोघांत लेखी करार असेल तर आपत्तीच्या मदतीत बटाईदाराचाही वाटा. मालकाची मालकीही त्या करारानं हलत नाही. तरी कागद होत नाही. त्याला इतिहास आहे. १९५९ च्या भू-राजस्व संहितेत जमीन कसायला दिली तर कसणाऱ्याचे हक्क तयार होण्याच्या तरतुदी होत्या, तेव्हापासून मालकांच्या मनात भीती बसली ती बसलीच. बापानं सांगून ठेवलेलं असतं, बटाईला दे, पण सही करू नको. आणि बटाईदार मागत नाही, कारण मागितलं तर पुढच्या वर्षी जमीन दुसऱ्याला जाईल. मला या बाबतीत मालकांची भीती समजते, पण पटत नाही. कायदा बदलून इतकी वर्षं झाली. भीतीचं कारण गेलं तरी भीती चालू ठेवणं, आणि तिची किंमत दुसऱ्याकडून वसूल करणं, याला माझ्या लेखी न्याय म्हणत नाहीत.

भैयांना त्या हंगामात काही मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. मालकांनी आलेल्या मदतीतून थोडे पैसे दिले. खुशीनं दिले, आणि भैयांनी हात जोडून घेतले. त्यांनी एक म्हैस विकली. धाकट्या मुलीचं लग्न पुढे ढकललं. किटलीतलं दूध पावसाळ्यात पुन्हा पूर्वीइतकं झालं, आणि गल्लीतल्या बाकी सगळ्यांच्या दृष्टीनं गारपीट तिथे संपली.

आमच्या घराचं म्हणाल तर देवघराशेजारच्या भिंतीत ओल चैत्रात दिसायला लागली. कोबा पुन्हा करावा लागला. चुन्याचं काम येणारा एकच म्हातारा मिस्त्री आता आमच्या भागात उरला आहे. त्यानं येऊन गूळ, मेथी मागितली, दोन पोरांकडून चुना मळून घेतला आणि पन्हाळीचं तोंड दीड वीत रुंद केलं. समोरच्या काकूंचा मुलगा परत जाताना त्यांच्या घरी इन्व्हर्टर बसवून गेला. मागच्या वस्तीत बाळ बसायला लागलंय.

या श्रावणात मी भैयांना विचारलं, कागद करायचा का? ते गप्प राहिले. मग म्हणाले, तुम्ही बोललात तर बघा, मी नाही म्हणू शकणार. माझ्या दिरांनी तहसिलीतल्या ओळखीच्या वकिलाकडून कराराचा मसुदा करून घेतला. दोन पानंच आहेत, सोपं हिंदी. जमिनीचा नंबर, हंगाम, वाटा किती, आणि आपत्तीची मदत आली तर ती त्याच वाट्यानं, एवढंच. मी तो भैयांना वाचून दाखवला. शेवटच्या ओळीशी त्यांनी मला थांबवलं आणि तेवढीच पुन्हा वाचायला सांगितली.

मालक खेड्यात राहत नाहीत. लष्करातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचा वाडा आहे, आणि त्यांच्याकडे हळदीकुंकवाला मी दर वर्षी जाते. गौरींच्या दिवशी गेले तेव्हा त्यांच्या सूनबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "मामंजींशी तुम्हीच बोला, ऐकलं तर तुमचंच ऐकतील." मोहरीची पेरणी ऑक्टोबरात आहे. पितृपंधरवडा झाला की लगेच मी आणि सासूबाई मसुदा घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत.